सवाई गंधर्व : मेहनतीने घडलेला आवाज

जन्मतःच गोड गळा लाभलेले गायक पुष्कळ असतात. नाठाळ गळा कष्टाने वठणीवर आणणारे थोडे. पंडित रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे त्या थोड्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १८८६ चा. वडील गणेशराव सौंशी धारवाडकडील कुंदगोळ येथे नाडगीरांच्या वाड्यात कारकून होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ त्या वाड्यात उतरत. तेथेच रामभाऊंना गुरू लाभले. वयात येताना त्यांचा आवाज फुटला, जड झाला. हवा तसा वळेना. खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे स्वरसाधना करवून घेतली आणि त्याच गळ्यातून आर्त, भरदार सूर निघू लागला.

पुढे रामभाऊ नाटक कंपनीत गेले. गुरूंना ते रुचले नाही. परंतु मराठी रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पाश्चात्य ऑपेरात खर्जातल्या पुरुषी आवाजाला 'बास' म्हणतात व त्याच्या वाट्याला बहुधा राजा, पुरोहित अशा भूमिका येतात. आपल्या संगीत रंगभूमीवर असा नियम नव्हता. कानडी मुलखातला हा पुरुष 'सौभद्र' नाटकात सुभद्रा होऊन मराठी पदे गाई! अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हणून गौरविले. सवाई म्हणजे सव्वापट. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब चटकन कळतो. पण त्या वरच्या पावपटीमागची मेहनत कोणत्याच खतावणीत सापडणार नाही.

रंगभूमी सोडल्यावर ते मैफली गाजवू लागले, शिष्य घडवू लागले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. गुरुजी एकेक स्वरसमूह दिवसेंदिवस घोटून घेत. गदगचे भीमसेन जोशी गुरुगृही पाणी भरीत, पडेल ते काम करीत शिकले. मुंबईचे पारशी गायक फिरोज दस्तूर हेही त्यांचेच शिष्य. गंगूबाईंचा आवाज पुढे पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला. तरी त्या आवाजानेच त्यांनी श्रोत्यांना जिंकले.

१९४२ मध्ये रामभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला आणि मैफली थांबल्या. ज्या गळ्यासाठी आयुष्य वेचले, तोच असा अबोल व्हावा, ही केवढी शिक्षा! १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९५३ पासून शिष्यांनी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला आणि भीमसेनांनी तो देशभर नावारूपास आणला.

मी आदिलाबाद जिल्ह्यातला. मराठी शाळेत शिकलो, बाजारात तेलुगू बोलतो. दोन भाषांत वाढलेला मुलगा कोणत्याच भाषेत पुरता मुरत नाही, असे मला अनेकदा ऐकविले गेले आहे. रामभाऊंच्या चरित्रात मला त्याचे उत्तर मिळते. ते जन्माने कानडी, रंगभूमीने मराठी आणि गुरू मुसलमान. यांपैकी एकही धागा काढला तर सवाई गंधर्व उरत नाहीत. आपल्या मासिकातील मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांनी त्यांना आपले म्हणावे. दोघांचाही हक्क खरा आहे.