केरीच्या केसरबाई

मैत्रिणींनो, आपल्याकडे मुलीला गाणं शिकवतात ते बहुतेक वेळा लग्नापर्यंतच. पुढे बाजाची पेटी माळ्यावर जाते आणि गळा अंगाईपुरता उरतो. म्हणूनच मला आज केसरबाई केरकरांबद्दल लिहावंसं वाटलं.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं केरी हे त्यांचं गाव. जन्म 13 जुलै 1892चा, देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत समाजातला. या समाजातल्या बायकांनी गायचं आणि लोकांनी ऐकायचं, ही रीतच होती. पण ऐकणारे गाण्याला मान द्यायचे आणि गाणारणीला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायचे. केसरबाईंची सगळी लढाई या एका गोष्टीशी होती, असं मला वाटतं.

आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला गेल्या. ती तालीम जेमतेम आठ महिने चालली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे भेटले. बुवा मूळचे आपल्या सावंतवाडी संस्थानातल्या वझरे गावचे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाचा हातही या गळ्यावरून फिरलेला आहे. सोळाव्या वर्षी आईबरोबर मुंबई गाठली. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. पण कुणाची तालीम सलग मिळेना. एक गुरू गावाला गेला की दुसरा शोधायचा. दुसरी एखादी असती तर आलं तेवढ्यावर चार मैफली करून मोकळी झाली असती.

1921 साली जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. तेव्हा केसरबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळी या वयात बाईला नातवंडांचे वेध लागायचे हो! आणि या बाई पुन्हा पाटी कोरी करून सुरांपाशी बसल्या. दहा वर्षांहून जास्त काळ कडक तालीम झाली, आणि 1946 साली खाँसाहेब जाईपर्यंत शिकणं काही थांबलं नाही.

त्यांचं गाणं ऐकायला बसलात तर एक गोष्ट लगेच कळेल. आवाज खुला, भरदार. नाजूकपणाचा आव कुठेच नाही. आकारात घेतलेली लांबलचक तान दम न तुटता समेवर येते. अवघड, अनवट राग त्या सहज गायच्या. रवींद्रनाथ टागोरही त्यांच्या गाण्याचे चाहते होते. 1948 साली कोलकात्याच्या रसिकांनी त्यांना ‘सुरश्री’ ही पदवी दिली. 1953मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1969मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या राज्यगायिकेचा मान.

स्वभावाने त्या फार मानी होत्या. बिदागी ठणकावून घ्यायच्या. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. पुरुष उस्ताद असा वागला की त्याला ‘बाणेदार’ म्हणतात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पोटच्या लेकीला मात्र त्यांनी गायिका न करता डॉक्टर केलं. ज्या वाटेवर आपले पाय पोळले ती वाट मुलीच्या वाट्याला नको, असं आईला वाटलं असेल का? मला तरी तसंच वाटतं. त्यांची विद्या पुढे चालवली ती कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांनी.

साठीच्या दशकात, नाव शिखरावर असताना, केसरबाईंनी जाहीर मैफली बंद केल्या. आवाज उतरल्यावर लोकांनी कीव करावी, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्या गेल्या.

त्याच्या थोडेच दिवस आधी, ऑगस्ट-सप्टेंबर 1977मध्ये, अमेरिकेची व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात निघाली होती. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून दोन्हींत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली आहे. तिच्यावर जगभरातले संगीताचे 27 तुकडे आहेत. बाखची पियानोवर वाजवलेली रचना आहे, बेथोवेन आहे. आणि भारताकडून आहे केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्यातलं एक यान 2012 साली सूर्याचा पसारा ओलांडून गेलं. आज ते अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास पोहोचलंय.

आमच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर अवसेच्या रात्री आभाळ चांदण्यांनी गच्च भरतं. हे कळल्यापासून मी वर बघते तेव्हा मला त्या चांदण्यांत केरीची एक बाई गात असल्यासारखं वाटतं. जिला गावात उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिने सूर्याचाही उंबरा ओलांडला.

तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावरची पेटी एकदा खाली काढा. वय झालं म्हणू नका. केसरबाईंनीही अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा ‘सा’पासूनच सुरुवात केली होती.