चकत्यांची चळत रचणारे व्होल्टा

भारनियमनाच्या वर्षांत परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या दुकानांतून इन्व्हर्टर आले. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घ्यायच्या, एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडायचे, की २४ व्होल्टचा दाब मिळतो. क्रमिक पुस्तकातील ही एकसर जोडणी विद्युतघटांच्या बाबतीत जगापुढे मांडली ती आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी, आणि तीही एका वादातून.

इटलीतील कोमो येथे १८ फेब्रुवारी १७४५ रोजी त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे होईपर्यंत ते बोलत नव्हते, असे सांगतात. घरच्यांच्या मनात वकिली होती. मुलाला विजेचा नाद लागला. पुढे पाव्हिया विद्यापीठात ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातूंच्या स्पर्शाने आखडतात, ही वीज प्राण्याच्या देहातली, असे प्रतिपादन केले. व्होल्टा यांना हे प्रथम पटले. मात्र प्रयोगांती त्यांचे मत फिरले. वीज धातूंमुळे येते, बेडूक ती केवळ दाखवतो, असे ते म्हणू लागले. अडचण अशी, की धातूंची एक जोडी जेमतेम जिभेला झिणझिण्या आणी. एवढ्याशा पुराव्याने विरोधक नमणार नव्हते.

मग त्यांनी जस्ताची चकती, चांदीची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, त्यावर पुन्हा जस्त, अशी भाकरीसारखी चळत रचली. क्रम मात्र कुठेही उलटायचा नाही. प्रत्येक जोडीचा दाब पुढच्या जोडीच्या दाबात मिळत गेला आणि पन्नास-साठ जोड्यांच्या दोन टोकांना ओले हात लावताच सणसणीत झटका बसला. चकत्यांच्या भाराने पुठ्ठ्यातले पाणी निथळे, म्हणून त्यांनी खारे पाणी भरलेले पेलेही ओळीने मांडले आणि एका पेल्यातला धातू दुसऱ्यातल्या वेगळ्या धातूला जोडला. २० मार्च १८०० च्या पत्राने त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले.

गंमत अशी, की कारण त्यांनी चुकीचे सांगितले. वीज केवळ धातूंच्या स्पर्शाने निर्माण होते, असे ते मानत. प्रत्यक्षात ती जस्त झिजवणाऱ्या रासायनिक क्रियेतून येते. रचना मात्र अचूक होती. त्याच वर्षी निकल्सन आणि कार्लाइल यांनी अशाच चळतीने पाण्याचे पृथक्करण केले, तर १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या बॅटरीने पोटॅशियम व सोडियम वेगळे काढले.

हे पाहायला गॅल्व्हानी उरले नव्हते. फ्रेंचांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या नव्या राजवटीची शपथ नाकारल्याने त्यांची नोकरी गेली आणि १७९८ मध्ये ते वारले. व्होल्टा यांनी १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग केले. १८१० मध्ये ते काउंट झाले. ५ मार्च १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. विद्युत दाबाच्या एककाला त्यांचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मिळाले. शोधाच्या शताब्दीनिमित्त १८९९ मध्ये कोमोत प्रदर्शन भरले, त्याला आग लागली आणि त्यांची बरीच मूळ उपकरणे त्यात जळाली.