शब्द सापडण्याआधीच मैत्री झाली

परक्या मुलखात भाषा अडली की आपण काय करतो? फोन काढतो, ट्रान्सलेट अॅप उघडतो, काम भागतं. पण समजा फोन नाही, दुभाषा नाही, त्या भाषेची डिक्शनरी कुणी अजून लिहिलेलीच नाही, आणि समोरच्यांच्या हातात धनुष्यबाण आहेत. निकोलाय मिक्लुखो-मक्लाय हा रशियन तरुण अशा ठिकाणी स्वतःहून राहायला गेला, तेही वयाच्या २५व्या वर्षी.

त्याचा जन्म १८४६चा. विद्यार्थ्यांच्या गडबडीत भाग घेतला म्हणून सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. मग तो जर्मनीत शिकला. काळी माणसं गोऱ्यांपेक्षा खालच्या पायरीवरची, असं त्या काळी युरोपातले बरेच विद्वान छातीठोकपणे सांगायचे. मक्लायला ते पटत नव्हतं. घरात बसून वाद घालण्यापेक्षा त्या माणसांत जाऊन राहावं, असं त्याने ठरवलं.

सप्टेंबर १८७१मध्ये रशियन युद्धनौकेने त्याला न्यू गिनीच्या ईशान्य किनाऱ्यावर सोडलं. सोबत दोन नोकर आणि राहायला एक लहानशी झोपडी. जहाज गेलं की गावकरी येतील, झोपडी मोडतील आणि तुम्हाला भाल्यांनी मारतील, असं तुई नावाच्या गावकऱ्याने त्याला नुसत्या हातवाऱ्यांनी बजावलं. हे मात्र त्याला लगेच समजलं!

काही दिवसांनी तो जवळच्या गावात निघाला. बंदूक मुद्दाम घरी ठेवली. घाबरून एक गोळी सुटली तर सगळंच संपेल, हा त्याचा हिशेब. गावात शिरताच बाण कानाजवळून गेले, कुणी तोंडासमोर भाला नाचवला. बोलायला शब्द नव्हते. मग त्याने काय करावं? एक चटई सावलीत ओढली, बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि चक्क झोपला. दोनेक तासांनी जाग आली, तेव्हा माणसं हत्यारं बाजूला ठेवून, सुपारी चघळत शांतपणे आजूबाजूला बसली होती.

भाषा शिकणं त्याहून अवघड निघालं. वस्तूकडे बोट दाखवायचं आणि ऐकलेला शब्द लिहायचा, ही त्याची पद्धत. एकदा त्याने झाडाचं पान दाखवून नाव विचारलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं! एकाने झाडाचं नाव सांगितलं होतं, दुसऱ्याने हिरवा रंग, तिसऱ्याने घाण, कारण पान जमिनीवरून उचललेलं होतं. बोट दाखवून चांगलं-वाईट कसं विचारणार? असे शब्द सापडायला कित्येक महिने गेले. शिवाय थोडं पुढच्या गावात गेलं की भाषाच बदलायची.

पण मैत्री शब्दांसाठी थांबून राहिली नाही. तो आला की गावातल्या बायका घाबरून लपतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून तो गावाजवळ येताच शिट्टी वाजवायचा, म्हणजे त्यांना आडोशाला जायला वेळ मिळेल. पुढे तुईच्या डोक्यावर झाड पडलं, तेव्हा मक्लायने त्याची जखम धुऊन मलमपट्टी केली. हळूहळू बायकांचं लपणं थांबलं. डिसेंबर १८७२मध्ये तो निघाला, तेव्हा लोक त्याला सोडेनात. इथेच राहा, गावोगावी तुला घर बांधून देऊ, म्हणाले.

१८७६मध्ये तो परत गेला, तेव्हा वर्षाहून जास्त काळ राहिला. १८८३मध्ये थोड्या दिवसांसाठी आला, तो गुरं आणि बियाणं घेऊन. त्याने आणलेल्या कुऱ्हाडीचं रशियन नाव, तोपोर, तिथल्या बोलीत थोडं बदलून कायमचं राहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! १८८४मध्ये ओटो फिन्श हा जर्मन प्रवासी त्याच किनाऱ्यावर आला. मक्लायचं नाव सांगून त्याने लोकांचा विश्वास मिळवला आणि त्याच वर्षी जर्मनीने तो प्रदेश ताब्यात घेतला. मक्लायने थेट बिस्मार्कला तार करून निषेध केला. उपयोग झाला नाही. १८८८मध्ये, अवघ्या ४१व्या वर्षी, आजारपणाने खंगून तो सेंट पीटर्सबर्गला वारला.

माणूस सगळीकडे माणूसच असतो, हे त्याने जगून सिद्ध केलं, अशी दाद टॉलस्टॉयने त्याला पत्र लिहून दिली होती. पुढच्या ट्रिपला शब्द अडले, तर अॅप आहेच. पण समोरचा आपल्यावर विश्वास टाकतो, तेव्हा त्याचं पुढे काय होतं याची जबाबदारीही आपल्यावर येते. मक्लाय ती शेवटपर्यंत विसरला नाही.