मदत म्हणजे उपकार नव्हे : दुष्काळातले शाहू महाराज

2 एप्रिल 1894 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दोनच वर्षांत, 1896-97 साली, दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आला.

महाराज स्वतः गावोगाव फिरले. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, हाताला काम मिळावे म्हणून रस्ते, विहिरी, तलावांची कामे काढली. कामावरच्या बायाबापड्यांच्या लेकरांसाठी शिशुगृहे चालवली. प्लेगात माणसांना गावाबाहेर मोकळ्या जागी हलवले.

संकट ओसरल्यावर ते थांबले नाहीत. पाण्यासाठी भोगावतीवर राधानगरी धरण हाती घेतले. 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. 1918 मध्ये महार वतन रद्द केले. 1920 च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वावर विश्वास दाखवला. 6 मे 1922 रोजी, अवघ्या 47 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

2019 च्या महापुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यात मदतीचे ट्रक आले, फोटो निघाले, ट्रक परतले. आम्ही सामाजिक कार्यकर्ते आजही याद्या करतो, किट वाटतो. पण नदीकाठी, सखल जागी कोणाची वस्ती आहे आणि ती तिथेच का आहे, हा प्रश्न यादीत मावत नाही. महाराजांनी भुकेल्याला धान्य दिले, आणि कारभारात जागाही दिली. जयंतीला हार घालताना यातली दुसरी गोष्ट आपण विसरू नये.