स्मरणातील चित्र, विस्मरणातील चित्रकार

एका हाती दिवा, दुसऱ्या हाताच्या तळव्याआड जपलेली ज्योत, बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश आणि त्या प्रकाशात उजळून निघालेली शांत स्त्रीमुद्रा. हे चित्र मराठी माणसाला परके नाही. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात असले, तरी त्याच्या छापील प्रती दूरवर पोहोचल्या. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या गावी एखाद्या घराच्या बैठकीत ती प्रत आढळली, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटावे ते चित्रकाराच्या नावाविषयी. हे चित्र कोणाचे असे विचारले असता पुष्कळदा राजा रविवर्मा यांचे नाव सांगितले जाते. वस्तुतः रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हे चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९४५-४६ च्या सुमारास रंगविले गेले. त्याचे कर्ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर होत.

हळदणकरांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडी येथे झाला. लाकडी खेळणी आणि गंजिफांसाठी नावाजलेल्या या संस्थानी गावात हस्तकौशल्याची कदर होती. त्यांच्या अंगची चित्रकला लहानपणीच दिसून आली आणि संस्थानच्या साहाय्याने ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे शिक्षण तेथे काटेकोरपणे दिले जाई. समोर बसलेल्या माणसाचे निव्वळ साम्य साधले म्हणजे व्यक्तिचित्र होत नाही. त्याच्या त्वचेचा पोत, वस्त्राचे वजन, डोळ्यांतील थकवा किंवा समाधान हेही रंगांतून जाणवले पाहिजे, ही दृष्टी त्या शिक्षणातून घडत असे. पुढे व्यक्तिचित्रण हाच हळदणकरांच्या कीर्तीचा मुख्य आधार ठरला. तैलरंग आणि जलरंग या दोन्ही माध्यमांवर त्यांची सारखीच हुकमत होती.

स्वतःच्या चित्रांपुरते पाहणारे ते कलावंत नव्हते. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था काढली. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून कार्यरत असली, तरी देशी कलावंतांना आपले स्वतंत्र व्यासपीठ हवे होते. असे असूनही त्या जुन्या संस्थेनेही हळदणकरांची योग्यता मान्य केली. एका मुसलमान यात्रेकरूच्या चित्राबद्दल त्यांना १९२५ मध्ये तिचे सुवर्णपदक मिळाले.

व्यक्तिचित्रकाराचा व्यवसाय हा एका अर्थी विस्मरणाशी झुंज घेण्याचा व्यवसाय आहे. माणूस जातो, त्याचा आवाज काही वर्षांत कानांतून पुसट होतो, स्पर्श तर त्याहून लवकर. चेहराही हळूहळू धूसर होतो आणि मग घरचे लोक भिंतीवरच्या चित्रावरूनच तो आठवू लागतात. अशा वेळी चित्रच स्मृतीची जागा घेते. त्यात केवळ डोळ्यांना दिसणारे साम्य असेल, तर ती स्मृती कोरडी राहते. पाहणाऱ्याला ऊब आणि निःस्तब्धता जाणवली, तरच गेलेले माणूस जवळ आल्यासारखे वाटते.

दीपधारिणीच्या चित्रात नेमके हेच साधले आहे. त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उपळेकर यांनीच दिवाळीच्या दिवसांत, हाती दिवा घेऊन उभे राहण्याचे काम केले. चित्र जलरंगातील आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तैलरंगात चूक झाली तर तीवर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय जवळजवळ नाही. तेथे उजेड म्हणजे बहुतांशी मोकळा राखलेला किंवा अगदी पातळ रंगविलेला कागद. अंधार मात्र थरावर थर देऊन, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबून आणावा लागतो. प्रकाश कोठे पडणार हे चित्रकाराला आरंभीच ठाऊक असावे लागते. म्हणूनच त्या तळव्याकडे पाहताना ज्योतीची धग आपल्याच बोटांना लागल्याचा भास होतो.

हळदणकर १९६८ मध्ये निवर्तले. दिवा धरणारी त्यांची कन्या १०२ वर्षांचे आयुष्य लाभून २०१८ मध्ये गेली. चित्रातील तिचे वय मात्र तेथेच थांबले आहे.

मग चित्रकाराचेच नाव का विसरले गेले? त्याच कलादालनात रविवर्मांची चित्रे आहेत, हे एक कारण. त्यांच्या मुद्रणालयातील चित्रांनी घरोघरच्या भिंती व्यापल्यामुळे कोणतेही जुने, सुंदर स्त्रीचित्र त्यांच्याच नावावर जमा करण्याची सवय लागली, हे दुसरे. यात रविवर्मांचा काहीच दोष नाही. तथापि एका थोर कलावंताच्या कीर्तीखाली दुसऱ्याचे श्रम झाकले जावेत, हे न्यायाचे नाही. छापील प्रतींवर नाव नसणे आणि पाहणाऱ्याने ते कधी न विचारणे, या दोन गोष्टी मिळून असे विस्मरण घडते.

यावरचा उपाय फारसा अवघड नाही. शाळांच्या, कचेऱ्यांच्या आणि वाचनालयांच्या भिंतींवर थोर पुरुषांची व्यक्तिचित्रे असतात. त्यांतील थोर पुरुषाचे नाव खाली ठळक लिहिलेले असते, चित्रकाराची सही मात्र चौकटीच्या कडेखाली दबलेली असते. ती सही शोधून नाव टिपून ठेवण्याचे काम दिग्रसच्या एखाद्या शिक्षकालाही विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना त्यातून हेही उमगेल, की इतरांचे चेहरे जपणाऱ्या माणसालाही एक नाव असते आणि ते जपण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर असते.