डॉ. कोटणीस आणि शॉक: मशीन नसताना रुग्ण कसा ओळखायचा?

मी धर्माबादला नर्स आहे. इथून सिरियस पेशंट नांदेडला किंवा निजामाबादला हलवायचा म्हणजे वाटेत वेळ जातो. त्या वेळेत शॉक ओळखता आला, तर जीव वाचू शकतो. शॉक म्हणजे विजेचा झटका नव्हे. शरीराच्या पेशींना पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन न मिळणं म्हणजे शॉक. हे समजून घ्यायला आपल्या सोलापूरच्या एका डॉक्टरांचं आयुष्य पाहू.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. जपानने चीनवर हल्ला केल्यावर 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं, त्यात ते होते. 1940 च्या लढाईत त्यांनी सलग 72 तास ऑपरेशनं केली, असं सांगतात.

युद्धातल्या जखमींना मुख्य धोका रक्तस्रावाच्या शॉकचा. हातपाय गार, अंगाला चिकट घाम, नाडी जलद आणि बारीक, लघवी कमी. बीपी मात्र बरंच उशिरा पडतं, म्हणून नुसत्या बीपीवर विसंबू नका. जखम दाबून धरा, पेशंटला आडवं झोपवा, पांघरूण घाला. दवाखान्यात रक्त चढवतात.

कोटणीस पुढे ज्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले, त्याला कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचं नाव होतं. बेथून यांनी स्पेनच्या युद्धात रक्त थेट आघाडीवर नेण्याची सोय उभारली होती. पण 1939 मध्ये चीनमध्ये ऑपरेशन करताना त्यांचं बोट कापलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ते गेले. अशा संसर्गातून सेप्टिक शॉक होतो. यात सुरुवातीला अंग गरम लागू शकतं, श्वास जलद होतो, पेशंट गोंधळल्यासारखा बोलतो. आता तासाभरात अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू करतात. बेथून यांच्या हाताशी पेनिसिलिनसुद्धा नव्हतं.

आणखी दोन प्रकार लक्षात ठेवा. हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्ये मानेच्या शिरा फुगतात, दम लागतो; तिथे भराभर सलाईन दिलं तर फुप्फुसात पाणी साचतं. ॲलर्जीच्या शॉकमध्ये अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो. तिथे पहिलं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत. म्हणजे शॉक दिसला की लावा सलाईन, असं चालत नाही. आधी प्रकार ओळखायचा.

कोटणीस तिथे नव्या डॉक्टरांना शिकवायचे. त्यांची पत्नी क्वो चिंगलान नर्सिंग शिकवायची. 9 डिसेंबर 1942 ला फिट्सच्या आजाराने ते गेले. वय फक्त 32, मुलगा काही महिन्यांचा.

मॉनिटर आज आहेत, पण लाईट गेली तरी आपली बोटं चालूच राहतात. पेशंटचं नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर थांबू नका, 108 ला फोन लावा.