मने सांभाळणारा सुधारक : कै. न्या. महादेव गोविंद रानडे

विद्वत्ता पुष्कळांजवळ असते; परंतु समोरच्याचे मन ओळखून, त्यास न दुखविता आपले कार्य पुढे नेण्याची हातोटी विरळाच. ती कै. न्यायमूर्ती रानडे यांच्या ठायी होती.

त्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये शिकून 1871 साली ते पुण्यास न्यायखात्यात आले आणि 1893 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. तथापि 1873 साली प्रथम पत्नी निवर्तली, तेव्हा वडिलांनी त्याच वर्षी 11 वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह ठरविला. वडिलांचा शब्द त्यांच्याने मोडवेना. लोकांनी दोष दिला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु त्या अक्षरशून्य मुलीस त्यांनी स्वतः शिकवावयास घेतले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे रुचले नाही. टोमणे सुरू झाले. रावसाहेबांनी त्या स्त्रियांस धाक घातला नाही, रमाबाईंस उलट उत्तर देऊ दिले नाही, आणि अभ्यासही थांबविला नाही.

1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाचे प्रकरण उद्भवले. ग्रामण्य माजले. स्वतःपुरते पाहता त्यांस बहिष्काराची क्षिती नव्हती. पण स्नेह्यांच्या घरची कुचंबणा पाहवेना, म्हणून 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सनातनी हसले, सुधारक रागावले. दोन्हीकडील बोल त्यांनी मुकाट्याने सोसले.

मग हा मवाळपणा की दुबळेपणा? माझ्या अल्प मतीस वाटते, माणूस काय सोडतो व काय धरून ठेवतो, यावरून हे ठरवावे. रानड्यांनी आपला मान सोडला. कार्य सोडले नाही. 1884 साली पुण्यात मुलींची शाळा काढण्यात ते पुढे होते. 1887 पासून सामाजिक परिषद त्यांनी चालविली. 16 जानेवारी 1901 रोजी ते वारले. त्यांच्या पश्चात रमाबाईंनी पुण्यात सेवासदन नावारूपास आणले, हे त्या घरगुती शिकवणीचेच फळ होय.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या सभेत मतभेद होतात, घरांत सासूसुनांचे, बापलेकांचे खटके उडतात. अशा वेळी बोलण्यापूर्वी समोरच्याची अडचण ध्यानी घ्यावी, व जे योग्य ते न सोडता शब्द मात्र मऊ ठेवावा. एवढे साधले तरी या थोर पुरुषाचे स्मरण सार्थकी लागेल.